पोटातला गुबारा आणि घड्याळाचा काटा



पावसाची झड लागली की एक तक्रार घराघरांतून ऐकू येऊ लागते. "पोट डब्ब झालंय," "गुबारा धरलाय," "दोन घास खाल्ले की पोट गच्च," "वर ढेकर येत नाही आणि खाली वारा सरत नाही." काहींना हा त्रास चार दिवस होतो आणि जातो. पण कित्येकांना तो वर्षानुवर्षे चिकटलेला असतो. सकाळी पोट सपाट असते. संध्याकाळ झाली की लुगड्याची गाठ, परकराची नाडी, पँटचा पट्टा, सगळे काचू लागते. मग कोणी खाण्याचा सोडा पाण्यात टाकून पितो, कोणी बसस्टँडवरच्या विक्रेत्याकडून चूर्णाची पुडी घेतो, कोणी औषधाच्या दुकानातून रोज एक गोळी आणतो. तेवढ्यापुरते बरे वाटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या त्रासावर आयुर्वेदाने आहाराचे आणि दिनचर्येचे पुष्कळ नियम सांगितले आहेत. ते मासिकांतून छापूनही येतात. पण ते वाचताना आपल्या घरातली बाई म्हणते, "सूर्यास्ताआधी जेवा म्हणे! मी धुण्याभांड्याची पाच घरं करून घरी येते तेव्हाच साडेआठ वाजलेले असतात." तिचे म्हणणे खरे आहे. म्हणून या लेखात आम्ही ते नियम आपल्या कामाच्या वेळांशी, आपल्या चुलीशी आणि आपल्या खिशाशी जुळवून सांगणार आहोत. पोट फुगण्याचे कारण ताटात काय आहे यात जितके असते, तितकेच ते ताट किती वाजता समोर येते यात असते. ही एक गोष्ट ध्यानात आली तर अर्धे काम झाले.

पोट का फुगते?

पोटात वायू दोन वाटांनी येतो. एक, आपण गिळतो ती हवा. घाईघाईने बकाबका खाणे, जेवताना सतत बोलणे, तंबाखू-सुपारी चघळत राहणे, सोडावॉटर पिणे, या सगळ्यांतून हवा पोटात जाते. दुसरी वाट मोठ्या आतड्याची. जे अन्न वर पचत नाही ते खाली तिथल्या जंतूंच्या हाती लागते. ते त्याला आंबवतात आणि त्यातून वायू सुटतो. हरभरा, वाटाणा, वाल, पावटा, राजमा यांत अशी काही साखर असते की ती पचवणारा रस माणसाच्या आतड्यात तयारच होत नाही. मोठेपणी अनेकांना दुधातली साखरही पचत नाही. त्यांचे पोट दुधाच्या पेल्यानंतर तासा-दोन तासांत गुडगुडू लागते. मलावरोध असला की सुटलेला वायू अडकून राहतो आणि पोट तटतटते.

आयुर्वेद या त्रासाला आध्मान म्हणतो आणि त्याचे मूळ जठराग्नीत, म्हणजे पचनशक्तीत शोधतो. ज्याचा अग्नी कधी नीट पचवतो तर कधी पोट फुगवतो, गुडगुड करतो, शौचास कधी घट्ट तर कधी पातळ करतो, त्याला विषमाग्नी म्हटले आहे. तो वाताच्या बिघाडाने होतो. अग्नी बिघडवणाऱ्या सवयींत दोन सवयी मुद्दाम सांगितल्या आहेत. आधीचे अन्न पचले नसताना पुन्हा खाणे याला अध्यशन म्हणतात, आणि वेळी-अवेळी, कधी थोडे कधी फार खाणे याला विषमाशन. शब्द संस्कृत आहेत, पण गोष्ट आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. सकाळी उपाशीपोटी दोन कप चहा, अकराला वडापाव, तीनला थंड डबा, सहाला पुन्हा चहा-खारी आणि रात्री साडेदहाला पोटभर भात, हे दोन्ही दोष एका दिवसात झाले.

पावसाळ्यात हा त्रास वाढतो त्याचेही कारण ग्रंथांत दिले आहे. या ऋतूत अग्नी मंद होतो आणि वाताचा प्रकोप होतो. म्हणून जुने धान्य, कढण, उकळून घेतलेले पाणी आणि हलके, गरम जेवण सांगितले आहे. पाणी उकळण्याचा सल्ला आजच्या डॉक्टरांनाही मान्य आहे, कारण पावसाळ्यात गढूळ पाण्यातून होणारे जुलाब आणि जंत हेही पोट बिघडण्याचे एक कारण असते.

कामाची वेळ आणि जेवणाची वेळ

नियम एकच धरा. दोन मुख्य जेवणे, दोन्ही ठरलेल्या वेळी, आणि मध्ये किमान चार तास चरणे बंद. ती वेळ सगळ्यांची एक असण्याची गरज नाही. आपली आपल्यापुरती रोज एक असली पाहिजे.

सकाळी पाच-साडेपाचला घर सोडणाऱ्या सफाई कामगाराने किंवा कारखान्यातल्या कामगाराने रिकाम्या पोटी चहावर निघू नये. आधी गरम पाणी, मग अर्धी भाकरी किंवा वाटीभर उपमा, आणि त्याच्याबरोबर चहा. दुपारचा डबा हे दिवसाचे मोठे जेवण समजावे. डबा गार होतो याला इलाज नाही, पण सोबत गरम पाण्याची बाटली नेता येते. जेवताना मधूनमधून घोट घोट घ्यावे. रात्री हलके जेवावे, आणि जेवण व झोप यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

रात्रपाळीच्या वॉचमनचे हाल याहून अधिक. बारा तासांच्या ड्युटीत पहाटे तीनला टपरीवर चहा-भजी आणि सकाळी घरी येऊन पोटभर जेवून झोप, असा क्रम असतो. तो उलटा करावा. संध्याकाळी ड्युटीवर निघण्याआधी मुख्य जेवण घ्यावे. मध्यरात्री भूक लागली तर कुरमुरे, पेज किंवा एखादी भाकरी, तळलेले काही नको. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात जागरण झालेल्यासाठी नेमका नियम आहे. जितका वेळ जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ सकाळी, न जेवता झोपावे. म्हणजे घरी येताच ताट ओढू नये. आधी झोपावे, उठल्यावर जेवावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र असा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. त्यांना फार वेळ उपाशी राहणे धोक्याचे असते.

किती खावे याचेही माप त्याच ग्रंथात आहे. पोटाचे चार भाग कल्पावेत. दोन अन्नाने भरावेत, एक पाण्याने, आणि चौथा वायूला फिरण्यासाठी मोकळा सोडावा. वाग्भटाच्या ग्रंथांवर बौद्ध विचारांची छाप असल्याचे अनेक अभ्यासकांनी नोंदवले आहे. पण जेवणातल्या मात्रेची गोष्ट त्याच्याही कितीतरी आधी संयुत्त निकायात आली आहे. कोसलचा राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला मात्रेने खाणाऱ्याचे सुख सांगितले. राजाने ती गाथा एका तरुणाला पाठ करायला लावली आणि जेवताना रोज म्हणून दाखवायला सांगितले. हळूहळू त्याचा आहार कमी झाला आणि अंग हलके झाले. आपल्या घरी गाथा म्हणणारा सेवक नाही. पण "बाबा, आता पुरे," म्हणणारी लेक असते. तिचे ऐकावे.

घरात शेवटी जेवणारी

आता जे सांगायचे ते पुरुषांनी वाचावे, म्हणून मुद्दाम लिहितो.

पोट फुगण्याच्या तक्रारी बायकांच्या अधिक असतात. त्याचे एक कारण शरीरात आहे. मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत पोट जड होते, मलावरोध होतो. पण दुसरे कारण घराच्या रीतीत आहे. सगळ्यांचे झाल्यावर ती जेवायला बसते. तोवर दहा-साडेदहा वाजतात. दुपारभर भूक चहावर मारलेली असते. मग तळाचा भात, सकाळची उरलेली भाजी, "टाकायचं कशाला" म्हणून कालची आमटी, असे सगळे एकदम पोटात जाते. लगेच भांडी, मग अंथरूण. तिचे अध्यशन आणि विषमाशन तिने निवडलेले नसते. ते तिच्या वाट्याला आलेले असते.

अशा बाईला चूर्णाची डबी आणून दिली आणि जेवणाची वेळ तीच ठेवली, तर ती डबी काय करणार? तिचे पहिले औषध म्हणजे सगळ्यांबरोबर वाढलेले तिचे ताट. रात्री साडेआठला घरातले सर्वजण एकत्र बसावेत, भाकरी आधी करून ठेवावी, भांडी मुलामुलींनी वाटून घ्यावीत. याला पैसे लागत नाहीत. उरलेले अन्न खायचेच असेल तर पूर्ण उकळी आणून, ताजे आणि गरम करून खावे. वास बदललेले, तार आलेले अन्न फेकून द्यावे. ते वाचवण्यासाठी माणसाचे पोट ही जागा नव्हे.

दाबून ठेवलेला वेग

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय या विषयापासून सुरू होतो की शरीराचे कोणते वेग अडवू नयेत. असे तेरा वेग तिथे मोजले आहेत. त्यांत लघवी, शौच आणि अधोवायू आहेत. शौचाचा वेग अडवला तर पोट व डोके दुखते, पोटऱ्यांत गोळे येतात, मल आणि वारा अडतो, पोट फुगते, असे स्पष्ट लिहिले आहे.

हे वाचून आमच्या डोळ्यांपुढे वस्तीतले सार्वजनिक संडास येतात. सकाळची रांग, दाराला नसलेली कडी, गायब झालेला नळ, रात्री बंद पडलेला दिवा. मुलगी अंधार पडल्यावर जात नाही. नाक्यावर कामाला उभी राहणारी बाई दिवसभर जात नाही. बाजारात भाजी विकणारी सकाळपासून पाणीच पीत नाही, कारण पाणी प्यायले तर जायचे कुठे? कमी पाण्याने मल घट्ट होतो, दाबलेल्या वेगाने आतड्यांची सवय मोडते, आणि संध्याकाळी पोट फुगते. तिला वाटते, काल खाल्लेल्या वांग्याने वात धरला.

मुंबईत २०११ पासून स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ आणि सुरक्षित मुताऱ्या मिळाव्यात म्हणून "राइट टू पी" ही मोहीम चालली. ती चालवणाऱ्यांत वस्त्यांतल्या बायका पुढे होत्या. तेव्हा काहींना ती हसण्याची गोष्ट वाटली. पण पोटाच्या आणि मूत्रमार्गाच्या आजारांच्या दृष्टीने पाहिले तर ती आरोग्याचीच मागणी होती. संडासाची दुरुस्ती, पाणी आणि दिवा यांसाठी नगरसेवकाकडे द्यायचा अर्ज हासुद्धा पोटफुगीवरचा उपाय आहे, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

तोवर घरी काय करता येईल? सकाळी अर्धा तास लवकर उठून गरम पाणी प्यावे, थोडे चालावे आणि वेग असो-नसो एकाच ठरलेल्या वेळी जावे. आठ-पंधरा दिवसांत शरीराला सवय लागते. जाऊन कुंथत बसू नये. मुलांना शाळेत वेग आला तर गुरुजींना सांगायला लाजू नका, हे शिकवावे. आणि घरात कोणाचा वारा सरला तर सून असो की सासू, हसून तिला शरमिंदे करू नये.

मिश्री आणि तंबाखू

"मिश्री लावल्याशिवाय मला परसाकडेच होत नाही," असे सांगणाऱ्या मावश्या आणि आज्या आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्यात तथ्य नाही असे नाही. तंबाखूतले निकोटीन आतड्यांना ढकलते. पण हा चाबूक मारून घोडा पळवण्याचा प्रकार आहे. भाजलेली असली तरी मिश्री ही तंबाखूच. तिने तोंडाचा कर्करोग होतो, हिरड्या जातात, आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाचे वजन घटते. तंबाखू सोडली की पहिले आठ-दहा दिवस शौचास घट्ट होते. तेवढ्या दिवसांत गरम पाणी, पालेभाजी, रात्री भिजवलेल्या आठ-दहा मनुका आणि सकाळचे चालणे यांचा आधार घ्यावा. ते दिवस निघाले की आतडी आपली आपण चालू लागतात.

चुलीवर काय बदलावे

महागडे काही नको. आहे त्याच अन्नाची रीत थोडी बदलावी.

कडधान्ये रात्रभर भिजवावीत, भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात मऊ शिजवावीत. त्या पाण्याबरोबर वायू करणाऱ्या साखरेचा बराच भाग निघून जातो. त्रास असेल तोवर हरभरा, वाटाणा, वाल, पावटा बाजूला ठेवून मूग आणि मसूर वापरावेत. तूरडाळीच्या वरणात हिंग, जिरे, लसूण घालावे. पिठले आवडीचे असेल तर पातळ करावे, चांगले शिजवावे, फोडणीत ओवा आणि हिंग घालावे, आणि ते दुपारी खावे. रात्री पिठले-भात खाऊन झोपणाऱ्याने पोटाला दोष देऊ नये.

ज्वारीची भाकरी पुष्कळांना मैद्याच्या पावापेक्षा हलकी पडते. पाव, खारी, फरसाण, भजी हे रोजचे खाणे होता कामा नये. काकडी, मुळा, कच्चा कांदा आणि कोबी यांनी काहींना त्रास होतो. त्यांनी भाज्या शिजवून खाव्यात. दूध पचत नसेल तर दुधाचा हट्ट सोडावा. दह्याला विरजण लागलेले असते, त्यामुळे त्यातली साखर थोडी कमी झालेली असते. दुपारच्या जेवणानंतर पातळ, ताजे ताक, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सुंठ आणि कणभर हिंग घालून घ्यावे. आंबट झालेले ताक रात्री घेऊ नये.

आयुर्वेद म्हणजे शाकाहार, अशी समजूत करून देणारे पुष्कळ आहेत. तसे मुळीच नाही. चरकाच्या आणि वाग्भटाच्या ग्रंथांत मांसाचे गुणधर्म सविस्तर दिले आहेत, आणि वाताच्या रोग्याला मांसरस सांगितला आहे. मटणाचा किंवा कोंबडीचा अळणी, पातळ रस्सा सुंठ-मिरी घालून घेतला तर अशक्त माणसाला मानवतो. त्रास होतो तो तेलाचा तवंग, वाटण आणि तिखटाचा मारा असलेल्या रश्श्याने, आणि तोही रात्री अकराला, पोट तुडुंब होईपर्यंत खाल्ल्याने. सुकट-बोंबील खाणाऱ्यांनी त्यातल्या मिठाकडे लक्ष ठेवावे. खारवलेले असेल तर धुऊन घ्यावे.

आणि शेवटी पेज. आपल्या घरात पेज म्हटली की गरिबीची किंवा आजाऱ्याची आठवण येते. पण विनयपिटकाच्या महावग्गात औषधांचा जो विभाग आहे, त्यात भगवंतांनी यागूचे, म्हणजे पेजेचे, दहा लाभ सांगितले आहेत. पोटातला वात योग्य मार्गाला लागतो आणि न पचलेले अन्न पचते, हे त्यांतले दोन. त्याच विभागात आणखी एक प्रसंग आहे. भगवंतांना पोटातल्या वाताचा त्रास झाला. पूर्वी तीन जिनसांच्या यागूने आराम पडला होता हे आठवून आनंदांनी तीळ, तांदूळ आणि मूग मिळवून स्वतः यागू शिजवली. भिक्षूने धान्य साठवून स्वतः शिजवणे योग्य नाही म्हणून भगवंतांनी ती स्वीकारली नाही. पण वातावर पेज देण्याची ही रीत अडीच हजार वर्षे टिकून आहे.

एका माणसाची पेज अशी करावी. दोन मुठी जुना तांदूळ आणि एक मूठ मुगाची डाळ कोरडीच किंचित भाजून घ्यावी. आठपट पाण्यात मऊ शिजवावी. अर्धा चमचा जिरे, कणभर हिंग, चिमूटभर सुंठ आणि बेताचे मीठ घालावे, वरून चमचाभर तूप. पोट फुगलेले असेल त्या रात्री फक्त हीच घ्यावी. आठवड्यातून दोन रात्री घरातल्या सगळ्यांनी घेतली तरी चांगले.

डब्यातली औषधे

अचानक पोट फुगले तर अर्धा चमचा ओवा चावून वर कोमट पाणी प्यावे. जेवणाआधी आल्याचा लहान तुकडा लिंबू लावून चघळावा. वारंवार त्रास होणाऱ्यांना वैद्य हिंग्वाष्टक चूर्ण देतात. सुंठ, मिरी, पिंपळी, ओव्यासारखा अजमोदा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग अशा आठ वस्तूंचे ते असते. पाव ते अर्धा चमचा चूर्ण तुपात कालवून जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घेतात.

इथे काही इशारे देणे आमचे कर्तव्य आहे. हिंग्वाष्टकात मीठ असते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते परस्पर घेऊ नये. छातीत-घशात जळजळ होणाऱ्यांना, पोटात व्रण असलेल्यांना ही उष्ण औषधे बाधतात. गरोदर बायकांनी कोणतेच चूर्ण वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाखेरीज हिंगाचे पाणी, ओव्याचा अर्क असले काही पाजू नये. खाण्याच्या सोड्याने ढेकर येते ती सोड्यातूनच सुटलेल्या वायूची. रोज घेतल्यास अंगात क्षार वाढतो आणि रक्तदाबाला ते वाईट. सोनामुखीसारखी रेचके रोज घेतली तर आतडी त्यांच्याशिवाय हलेनाशी होतात. रस्त्यावरची बिननावाची पुडी, मग ती कितीही "जडीबुटीची" असो, घेऊच नये. त्यात काय मिसळले आहे हे विकणाराही सांगू शकत नाही. वैद्याचा सल्ला हवा असेल तर मुंबईत वरळीचे पोदार रुग्णालय, तसेच नागपूर आणि नांदेड येथील शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तिथे कमी खर्चात तपासणी होते.

जेवणानंतर लगेच आडवे होऊ नये. शंभर पावले चालावे. गॅलरीत, गल्लीत, कुठेही. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यांनी थोडा वेळ वज्रासनात बसावे. गुडघे दुखत असतील तर सोडून द्यावे. सकाळी अंथरुणातच, उपाशीपोटी, एकेक गुडघा पोटाशी ओढून दहा-दहा श्वास धरावा, सोडावा. यालाच पवनमुक्तासन म्हणतात, आणि नावाप्रमाणे ते काम करते. गरोदर बायकांनी आणि पोटाचे ऑपरेशन झालेल्यांनी करू नये.

हा गॅस नव्हे!

आता सर्वांत महत्त्वाचे. हा भाग कापून भिंतीला लावावा.

छातीत दाब, वरच्या पोटात जडपणा, घाम, दम, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, अशी लक्षणे असतील तर "गॅस झालाय" म्हणून सोडा-ओवा देत बसू नका. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत दुखणे पुष्कळदा अंधुकच असते. १०८ क्रमांकावर फोन करा, रुग्णवाहिका मोफत येते. वेळ लागत असेल तर मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा.

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बाईचे पोट दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज फुगत असेल, थोड्याच घासांत पोट भरत असेल, ओटीपोट दुखत असेल किंवा लघवीला वारंवार जावे लागत असेल, तर तिची स्त्रीरोग तज्ज्ञाकडून तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. बीजांडकोशाचा कर्करोग सुरुवातीला अशाच साध्या पोटफुगीच्या वेषात येतो. बायका "वात आहे" म्हणून महिनोन् महिने अंगावर काढतात आणि उशीर होतो.

संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणे आणि पोट फुगणे एकत्र असेल तर आतड्याच्या क्षयरोगाची शंका घ्यावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि पूर्ण घेतले तर रोग बरा होतो. दारू पिणाऱ्याचे पोट फुगून सकाळीही उतरत नसेल, पायावर सूज असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर ते यकृताचे दुखणे असते. शौचातून रक्त, काळा डांबरासारखा मल, सतत उलट्या, किंवा पोट फुगून वारा आणि शौच दोन्ही पूर्ण बंद, यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

या खुणा नसतील तर तीन आठवड्यांचा नेम करून पाहावा. जेवणाच्या दोन ठरलेल्या वेळा, रिकाम्या पोटी चहा बंद, भिजवून पाणी काढलेली कडधान्ये, गरम पाणी, सकाळची ठरलेली शौचाची वेळ, रात्री हलके जेवण आणि शंभर पावले. घरातल्या कॅलेंडरवर पोट फुगले त्या दिवशी खूण करावी आणि आदल्या दिवशी काय, किती वाजता खाल्ले ते लिहावे. शाळेत जाणाऱ्या मुलाला हे काम द्यावे. तीन आठवड्यांनी ते कॅलेंडर बघितले की आपल्या पोटाला काय बाधते ते आपल्याच अक्षरात समोर येईल. उतार पडला नाही तर तेच कॅलेंडर घेऊन डॉक्टरकडे जावे. तपासणाऱ्याला त्याचा मोठा उपयोग होतो.

आणि आज रात्रीपासून एक करावे. ताटे वाढताना घरात माणसे किती आहेत ते मोजावे, आणि तेवढीच ताटे एका वेळी मांडावीत. जिने स्वयंपाक केला तिचेही ताट त्यांत धरून.